मेलेल्या बोर्डावर हात बसवा: मदरबोर्डवरचे भाग ओळखायचे कसे

मे महिन्यात माझ्या दुकानात दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. एक म्हणतो, "भाऊ, पीसी आपोआप बंद होऊन राहिला." दुसरा म्हणतो, "पंखा फिरून राहिला, पण डिस्प्लेच नाही येऊन राहिला." दोघांसमोर मी कॅबिनेटची बाजू उघडतो आणि विचारतो, यातलं काय काय ओळखता? उत्तर ठरलेलं: "हा पंखा."

हा लेख पंख्याच्या पुढं जाण्यासाठी आहे. कॉम्प्युटर वापरता येतो, पण कधी उघडून पाहिला नाही, अशा माणसासाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढं ती पुन्हापुन्हा येणार आहे. मदरबोर्डवर, म्हणजे बाकीचे सगळे भाग ज्या मोठ्या पाटीवर बसतात तिच्यावर, रंगावर जाऊ नका. "निळा स्लॉट रॅमचा, पांढरा स्लॉट कार्डाचा" असं पाठ करून आलेली पोरं दुसऱ्या कंपनीचा बोर्ड समोर आला की अडकतात, कारण प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीनं रंग देते आणि आता तर बहुतेक बोर्ड सरसकट काळेच असतात. पाहायच्या गोष्टी तीन: खाच कुठं आहे, पिना किती आहेत, आणि शेजारी काय छापलंय. बोर्डावर जवळजवळ प्रत्येक भागाशेजारी बारीक पांढऱ्या अक्षरात त्याचं नाव असतं. ते कुणी वाचत नाही, एवढंच.

आधी एक मेलेला बोर्ड मिळवा

घरच्या चालू मशीनवर शिकू नका. कबाडीवाल्याकडं किंवा ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडं बंद पडलेला बोर्ड मागा. मला शेवटचा दीडशे रुपयांत मिळाला. माझ्याकडं शिकायला येणाऱ्यांना मी शक्यतो एच६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे प्रोसेसर आणि बाकीच्या भागांना जोडणारी चिप) बोर्ड देतो. २०११ च्या सुमाराचा, इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनचे प्रोसेसर घेणारा. जुन्या बाजारात तो ढिगानं सापडतो, आकारानं आटोपशीर असतो आणि एम.डॉट.टू (नव्या एसएसडीचा छोटा स्लॉट) सोडलं तर शिकण्यासारखं सगळं त्यावर असतं.

सोबत लागेल ते असं: स्टार पेचकस, टॉर्च, मोजपट्टी, रंगकामाचा एक इंची मऊ ब्रश, आणि मोबाइल. मोबाइल सगळ्यात महत्त्वाचा. बारीक छपाई डोळ्यांनी दिसत नाही, कॅमेऱ्यात झूम केली की दिसते. आणि चालू मशीन कधी उघडलंच, तर एकही वायर काढायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

हात लावण्याआधी

भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा, मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. पीसी बंद दिसत असला तरी एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, लाईट जोडलेली आहे तोवर बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालूच असतो. रात्री पीसी बंद करूनही माउसचा दिवा लुकलुकत राहतो तो याच्यामुळं. प्लग काढून बटण दाबलं की उरलासुरला करंट निघून जातो. कधी कधी पंखा अर्धी गिरकी घेऊन थांबतो, तेव्हा समजायचं की झालं.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. २३० व्होल्टची एसी आत गेल्यावर तिचे सव्वातीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट होतात, आणि ते साठवणारे कंडेन्सर प्लग काढल्यावरही काही वेळ भरलेले राहतात. नवशिक्याचं तिथं काहीच काम नाही.

आता आपल्या गावाची अडचण. उन्हाळ्यात इथली हवा इतकी कोरडी असते की टेरिकॉटचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो. तो आवाज म्हणजे हजारो व्होल्टची स्टॅटिक ठिणगी. आपल्याला ती जेमतेम जाणवते, चिपला ती पुरते. म्हणून बोर्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला किंवा नळाला हात लावायचा, आणि बोर्ड नेहमी काठाला धरायचा. कोरड्या हवेवर उपाय म्हणून काही जण कूलरच्या झोतातच कॅबिनेट उघडून बसतात. ते त्याहून वाईट. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा ओली असते, कूलरच्या पाण्यात क्षार असतात, आणि झोत जोराचा असला की त्यात तुषारही येतात. खिडकीतल्या कूलरसमोर वर्षानुवर्षं ठेवलेल्या पीसीचे बोर्ड मी पाहिलेत: मागच्या पोर्टांवर हिरवट बुरा आणि लॅनच्या चिपचे पाय पांढरे पडलेले. टेबल कूलरच्या रेषेतून बाजूला घ्या आणि मग बसा.

बोर्ड नीट धरा

पुठ्ठ्यावर बोर्ड असा ठेवा की माउस-कीबोर्ड, यूएसबी लावायचे पोर्ट तुमच्या डाव्या हाताला वरच्या बाजूला येतील. आता बहुतेक बोर्डांवर रचना अशी दिसेल: वर मध्यभागी प्रोसेसरचा सॉकेट, त्याच्या उजवीकडं उभे रॅमचे स्लॉट, खाली आडवे कार्डांचे स्लॉट, उजवीकडं खाली हार्डडिस्क जोडायचे सॅटाचे पोर्ट, आणि खालच्या काठाला पिनांचे छोटे छोटे पुंजके. (मदरबोर्डला शहराची उपमा द्यायची पद्धत आहे. मी देत नाही. आमच्या शहरातले रस्ते सहा महिने खोदलेले असतात. बोर्डावरचा एक जरी खोदला तर बोर्ड मेला.)

मोजपट्टी लावा. ३०५ बाय २४४ मिलिमीटर आला तर एटीएक्स. २४४ बाय २४४ चा चौकोन असेल तर मायक्रो-एटीएक्स; स्वस्तातले बोर्ड यापेक्षाही थोडे अरुंद असतात, तरी म्हणतात मायक्रो-एटीएक्सच. १७० बाय १७० म्हणजे मिनी-आयटीएक्स. एटीएक्सचा नमुना इंटेलनं १९९५ मध्ये आणला आणि स्क्रूची भोकं, पोर्टांची जागा तेव्हापासून ठरलेली आहे. म्हणून आजचा बोर्ड पंधरा वर्षं जुन्या कॅबिनेटमध्येही बसतो.

सॉकेट: पाहा, स्पर्श करू नका

पंखा आणि हीटसिंक (उष्णता खेचणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) काढल्यावर चौकोनी धातूची चौकट आणि बाजूला एक वाकडी तार दिसते. ती दांडी खाली दाबून बाहेरच्या बाजूला सरकवली की चौकट उघडते. आत काय दिसतं यावरून पहिला मोठा फरक कळतो.

आत शेकडो बारीक सोनेरी पिना दिसत असतील तर तो एलजीए सॉकेट. प्रोसेसर खालून सपाट असतो आणि पिना बोर्डावर असतात. इंटेलचे २००४ नंतरचे डेस्कटॉप बोर्ड असेच. पिनांऐवजी बारीक भोकांची जाळी दिसली तर पिना प्रोसेसरला आहेत. एएमडीचा एएम४ हा त्यातला सगळ्यात जास्त दिसणारा. एएमडीनंही २०२२ च्या एएम५ पासून पिना बोर्डावर घेतल्या.

एलजीएच्या नावातला आकडा म्हणजे पिनांची संख्या. एलजीए ११५५ म्हणजे १,१५५ पिना. आपला एच६१ तोच. चौथ्या जनरेशनला ११५०, सहाव्यापासून नवव्यापर्यंत ११५१, दहाव्या-अकराव्याला १२००, बाराव्यापासून चौदाव्यापर्यंत १७००. आकडा सॉकेटच्या चौकटीवर किंवा प्लास्टिकवर कोरलेला असतो. ११५५ आणि ११५० मध्ये फरक फक्त पाच पिनांचा दिसतो, म्हणून कुणी "बसतो का पाहू" म्हणेल. बसत नाही. प्रोसेसरच्या कडेच्या दोन खाचा वेगळ्या जागी असतात. खाच जुळली नाही तर तो भाग त्या जागेचा नाही, हा नियम या सगळ्या बोर्डावर चालतो.

प्रोसेसरच्या एका कोपऱ्यात छोटा सोनेरी त्रिकोण असतो. सॉकेटवरही तसाच एक. दोन्ही एका कोपऱ्यात आणायचे आणि प्रोसेसर अलगद ठेवायचा. दाबायचा नाही, तो स्वतःच्या वजनानं बसतो.

या पिनांबद्दल माझा अनुभव. शिकत होतो तेव्हा सॉकेटमध्ये धूळ दिसली म्हणून मी ब्रश फिरवला. ब्रशचा एक केस अडकला आणि तीन पिना मान टाकल्यासारख्या झुकल्या. बोर्ड सुरू झाला, पण रॅमचा एक स्लॉट त्यानंतर कधीच दिसला नाही. रॅमच्या तारा सॉकेटमधूनच जातात हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून सॉकेटमध्ये ब्रश नाही, कापड नाही, बोट तर नाहीच. प्रोसेसर नसेल तर काळं प्लास्टिकचं झाकण लावून ठेवायचं.

एएम४ वाल्यांसाठी उलटी काळजी. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली जुनी पेस्ट वाळून घट्ट झालेली असते आणि हीटसिंक सरळ वर ओढला की प्रोसेसर लॉक असतानाही त्याला चिकटून उपसला जातो, पिनांसकट. पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून, प्लग काढून, हीटसिंक डावी-उजवीकडं हलक्यानं फिरवत सोडवा.

सॉकेटच्या कडेचे ठोकळे

सॉकेटच्या डावीकडं आणि वर चौकोनी करड्या किंवा काळ्या ठोकळ्यांची रांग दिसेल. त्यांच्याजवळ गोल डबीसारखे कंडेन्सर आणि चपट्या काळ्या चिपा. नवशिके हा भाग सोडून देतात, कारण इथं काही लावायचं नसतं. मला विचाराल तर बोर्ड चांगला की सुमार हे इथंच कळतं.

एसएमपीएसकडून १२ व्होल्ट येतात. प्रोसेसरला लागतात साधारण सव्वा व्होल्टच्या आतबाहेर. ते खाली आणण्याचं काम हा भाग करतो. त्याला व्हीआरएम म्हणतात. आता थोडं गणित. ६५ वॅटचा प्रोसेसर १.२ व्होल्टवर चालला तर करंट होतो ५४ अँपिअर. तुमच्या घरी गीझरचा मोठा प्लग असतो तो १६ अँपिअरचा. त्याच्या तिप्पट करंट काडेपेटीएवढ्या चौकोनात जातो! एका वाटेनं तो गेला तर वाट जळेल, म्हणून तीन, चार, सहा वाटा करून वाटून देतात. प्रत्येक वाटेला एक कॉइल, म्हणजे तो ठोकळा, आणि दोन-तीन चपट्या चिपा, म्हणजे मॉस्फेट. ठोकळे मोजले की साधारण अंदाज येतो. आपल्या एच६१ वर ते मोजकेच निघतील आणि मॉस्फेट उघडेच असतील. महागड्या बोर्डावर रांग लांब आणि वर ॲल्युमिनियमचा हीटसिंक.

कंडेन्सर नीट पाहा. दोन प्रकार असतात. जुन्या प्रकाराच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी किंवा इंग्रजी के अक्षरासारखी खाच असते. ती शोभेची नाही. आत द्रव असतो, तो तापून वायू झाला की डबी फुटण्याऐवजी त्या खाचेतून उसवावी म्हणून ती ठेवलेली असते. डोकं सपाट असेल तर ठीक. फुगलेलं असेल, किंवा तिथं तपकिरी डाग असेल, तर कंडेन्सर गेला. २००० नंतरच्या काही वर्षांत खराब द्रव भरलेले कंडेन्सर जगभर विकले गेले आणि लाखो बोर्ड त्यानं मेले. दुसरा प्रकार सॉलिड: डोकं खाचेविना सपाट, वर रंगीत पट्टा. हे क्वचितच फुगतात.

द्रववाल्या कंडेन्सरबद्दल एक ढोबळ हिशेब आहे, तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. बाहेर ४५ अंश असताना बंद खोलीत, धुळीनं भरलेल्या कॅबिनेटमध्ये त्या डबीला काय सोसावं लागत असेल, याचा विचार करा. "आपोआप बंद होऊन राहिला" वाल्या गिऱ्हाइकाचा पीसी मी उघडतो तेव्हा आधी हीटसिंकच्या पात्यांमधली धूळ बघतो आणि लगेच नजर या डब्यांवर टाकतो.

रॅमचे स्लॉट

लांब, अरुंद, टोकाला पांढऱ्या किंवा काळ्या कळा. एच६१ वर बहुधा दोन, मोठ्या बोर्डावर चार. स्लॉटमध्ये मध्यभागाच्या जरा बाजूला एक छोटी भिंत असते आणि रॅमच्या पट्टीवर तिथंच खाच. डीडीआर ३, ४ आणि ५ मध्ये ती खाच वेगवेगळ्या जागी असते, म्हणून एकाची पट्टी दुसऱ्यात जात नाही. डीडीआर ३ ला २४० पिना, १.५ व्होल्ट, डीडीआर ४ ला २८८ पिना, १.२ व्होल्ट, डीडीआर ५ लाही २८८, पण १.१ व्होल्ट. पट्टी हातात असेल तर स्टिकर वाचा: पीसी३ ने सुरू होणारा आकडा असेल तर डीडीआर ३, पीसी४ असेल तर डीडीआर ४.

चार स्लॉट आणि दोनच पट्ट्या असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. बहुतेक बोर्डांवर हीच जोडी. इथंही रंगाचा घोळ होतो: एक कंपनी जोडीला एक रंग देते, दुसरी देतच नाही. शेजारी छापलेलं ए२, बी२ वाचा. आणि पट्टी दाबताना दोन्ही टोकांना आवाज येईपर्यंत दाबा. एका टोकाची कट् ऐकू आली आणि दुसऱ्याची नाही, तर रॅम बसलेली नाही.

पॉवरचे दोन कनेक्टर

उजव्या काठाला दोन ओळींत २४ पिनांचा लांब कनेक्टर. ही मुख्य पॉवर. एका बाजूला कुलपासारखी खुंटी असते. काढताना तिला दाबून मगच ओढा, वायर धरून नाही.

दुसरा डावीकडं वर, सॉकेटच्या कोपऱ्यात लपलेला, ४ किंवा ८ पिनांचा. हा फक्त प्रोसेसरसाठी. "पंखा फिरून राहिला, डिस्प्ले नाही" यातल्या बऱ्याच केसेस इथं सुटतात. घरी साफसफाई करताना हा कनेक्टर काढलेला असतो आणि परत लावायचा राहतो, कारण तो हीटसिंकच्या मागं दिसतच नाही.

सावधान एका गोष्टीत. ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची वायर याच्यासारखीच दिसते, पण तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या ओळी उलट असतात. प्रोसेसरची वायर ४ अधिक ४ अशी फुटते, कार्डाची ६ अधिक २ अशी. पिनांचे आकार वेगळे ठेवलेत म्हणून ती सहज जात नाही. जोर लावावा लागला की थांबा.

कार्डांचे स्लॉट आणि डिस्कची जोडणी

खालचे आडवे स्लॉट पीसीआय एक्सप्रेसचे. लांबलचक, जवळपास ८९ मिलिमीटरचा तो एक्स१६, ग्राफिक्स कार्डासाठी. बोटाच्या एका पेराएवढा, २५ मिलिमीटरचा, तो एक्स१, वायफाय किंवा साउंड कार्डासाठी. एक्स१६ च्या टोकाला कळ असते. कार्ड काढताना ती न दाबता ओढल्यानं तुटलेल्या कळांचा माझ्याकडं एक डबा भरलाय. जुन्या बोर्डावर पांढरा, कळ नसलेला एक स्लॉट असेल तर तो साधा पीसीआय.

लांब स्लॉट दोन असले की लोक समजतात दोन्ही सारखे. टॉर्च मारून आत बघा. खालच्या स्लॉटमध्ये कित्येकदा सोनेरी पिना एका टोकाला थोड्याच असतात, पुढं नुसतं प्लास्टिक. तो लांबीनं एक्स१६, पण कामानं एक्स४. ग्राफिक्स कार्ड नेहमी प्रोसेसरच्या जवळच्या लांब स्लॉटमध्ये.

सॅटाचे पोर्ट ओळखायला सोपे: आत इंग्रजी एल आकाराची जीभ, त्यावर सात पट्ट्या. एच६१ च्या चिपसेटकडं असे चार आणि तेही ३ गिगाबिटवाले. नवी एसएसडी ६ गिगाबिटची असली तरी इथं ३ वरच चालेल. तरीही जुन्या हार्डडिस्कपेक्षा फरक डोळ्यांना दिसेल इतका पडतो. अलीकडच्या बोर्डांवर एम.डॉट.टूचा आडवा छोटा स्लॉट आणि थोड्या अंतरावर बारीक स्क्रूची जागा असते. बाजूला २२४२, २२६०, २२८० असे आकडे छापलेले असतात: पहिले दोन अंक रुंदी, पुढचे लांबी, मिलिमीटरमध्ये. म्हणजे २२८० ही २२ रुंद आणि ८० लांब. तो स्क्रू हरवू नका, दुकानात सुटा मिळवताना नाकी नऊ येतात.

चिपा

खाली उजवीकडं छोट्या हीटसिंकखाली चिपसेट. जी४१ सारख्या आणखी जुन्या बोर्डावर असे दोन हीटसिंक दिसतील, कारण तेव्हा रॅमचा कारभार वेगळ्या चिपकडं होता. इंटेलनं २००८ पासून तो हळूहळू प्रोसेसरमध्ये नेला आणि वरची चिप गेली.

बाकीच्यांत तीन ओळखून ठेवा. पहिली, आठ पायांची छोटी, वर २५ ने सुरू होणारा नंबर: ही बायोसची. नंबरात ६४ असेल तर ६४ मेगाबिट, म्हणजे ८ एमबी. अख्खा पीसी सुरू कसा करायचा याच्या सूचना एवढ्याशा चिपमध्ये. दुसरी, खेकड्याचं चित्र असलेली. तो रिअलटेकचा शिक्का. पोरांना हे शोधायला फार आवडतं. लॅन पोर्टजवळ खेकडा असेल तर ती नेटवर्कची चिप, खाली डावीकडं ऑडिओ जॅकजवळ असेल तर आवाजाची. तिसरी, चारही बाजूंनी पायच पाय असलेली, बहुधा आयटीई किंवा नुवोटॉन लिहिलेली: पंख्याचा वेग, तापमान, जुना कीबोर्ड असली फुटकळ पण गरजेची कामं ती करते.

बटण सेल

हा तर सगळे ओळखतात. सीआर२०३२: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. अधिकची बाजू वर. जवळ एक बारीक चंदेरी नळी किंवा चपटी डबी दिसेल, तो क्रिस्टल. सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्यावर घड्याळ चालतं. हा आकडा दोनाचा पंधरावा घात आहे. पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक सेकंद.

रोज सकाळी तारीख मागं जात असेल तर सेल बदला. बायोसच्या सेटिंग उडवायच्या असतील तर शेजारी तीन पिनांवर एक छोटी टोपी असते, जम्पर, आणि तिथं 'क्लिअर सीमॉस' असं काहीतरी इंग्रजीत छापलेलं असतं. प्लग काढून टोपी पुढच्या दोन पिनांवर थोडा वेळ ठेवायची, आणि आठवणीनं परत जागेवर. न सापडली तर सेल काढून काही मिनिटं थांबलं तरी बहुधा काम होतं.

खालच्या काठाचे पुंजके

सगळ्यात चिडचिड इथं होते. पॉवर बटण, रीसेट, हार्डडिस्कचा दिवा, पॉवरचा दिवा: चारही वायरी ९ पिनांच्या एका पुंजक्यावर लागतात. तिथं दोन ओळी, पाचाची एक आणि चाराची एक, कारण कोपऱ्यातली दहावी पिन मुद्दाम ठेवलेली नसते. गायब पिनेवरून दिशा ओळखायची. दोन्ही दिव्यांना अधिक-उणे असतं, उलटं लावलं तर लागत नाहीत, बिघडत काही नाही. बटणांना उलट-सुलट नसतं. कॅबिनेटचं बटणच खराब झालंय का हे पाहायचं असेल तर पॉवर स्विचच्या दोन पिनांना पेचकसाचं टोक क्षणभर टेकवा. पीसी सुरू झाला तर दोष बटणाचा. फक्त त्याच दोन पिना, दुसऱ्या नाहीत.

कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीचा आणि पुढच्या ऑडिओचा हेडरही, म्हणजे पिनांचा पुंजका, ९-९ पिनांचे. लांबून जुळे भाऊ. यूएसबीत गायब पिन कोपऱ्यातली, ऑडिओत कोपऱ्याच्या एक घर आतली. जुन्या कॅबिनेटमध्ये यूएसबीच्या वायरी एकेक सुट्या यायच्या, गठ्ठा नाही. अशाच एका कॅबिनेटमध्ये मी लाल आणि काळी वायर अदलाबदल केली. गिऱ्हाइकानं पेन ड्राइव्ह लावला, आत त्याच्या दुकानाच्या टॅलीचा बॅकअप. दोन सेकंदांत वास आला. पेन ड्राइव्हचे पैसे भरून दिले, बॅकअपचे कसे भरणार? यूएसबी ३ चा हेडर वेगळा, १९ पिनांचा आणि भोवती प्लास्टिकची चौकट असलेला. तो चुकत नाही, पण त्याच्या पिना वाकतात.

प्रोसेसरच्या पंख्याच्या ४ पिना सीपीयू फॅन असं छापलेल्या जागीच लावा. ३ पिनांचा पंखाही तिथं बसतो. दुसरीकडं लावला तर पंखा फिरेल, पण बऱ्याच बोर्डांवर सुरू होताना पंख्याची एरर येईल.

मागच्या पोर्टांबद्दल फार सांगत नाही, ते तुम्ही रोज वापरता. तिथं मात्र रंग थोडा भरवशाचा: हिरवा जॅक स्पीकरचा, गुलाबी माइकचा, निळा लाइन-इन. जांभळं गोल भोक कीबोर्डचं, हिरवं माउसचं. निळी यूएसबी बहुधा ३ ची.

बोर्डाचं नाव आणि अक्षरांची किल्ली

मॉडेल नंबर मोठ्या अक्षरांत स्लॉटांच्या मध्ये किंवा रॅमजवळ छापलेला असतो. सोबतचा रेव्हिजनचा आकडाही टिपून घ्या. एकाच मॉडेलच्या दोन रेव्हिजनना कधी कधी वेगवेगळा बायोस लागतो. बायोस टाकताना हा आकडा न पाहिल्यानं जिवंत बोर्ड मेलेले पाहिलेत.

बारीक भागांशेजारी एक इंग्रजी अक्षर आणि नंबर असतो. सी म्हणजे कंडेन्सर, आर म्हणजे रेझिस्टर, एल म्हणजे कॉइल, क्यू म्हणजे ट्रान्झिस्टर किंवा मॉस्फेट, यू म्हणजे चिप, डी म्हणजे डायोड, एफ म्हणजे फ्यूज, जे म्हणजे जम्पर किंवा कनेक्टर. एवढी आठ अक्षरं आली की अनोळखी बोर्डही परका वाटत नाही.

आता सराव. मेलेल्या बोर्डाचा फोटो काढा, कोऱ्या कागदावर त्याची चौकट काढा आणि बोर्ड न पाहता भाग भरा. मग फोटोशी ताडून पाहा. माझ्याकडची पोरं पहिल्या दिवशी सॉकेट, रॅम, सेल एवढंच काढतात. तिसऱ्या दिवशी ४ पिनांची पॉवर आपोआप कागदावर येते. चौथ्या दिवशी दुसऱ्या कंपनीचा बोर्ड समोर टाका, रंग सगळे वेगळे असलेला.

आणि चालू मशीन उघडलंच असेल, तर कॅबिनेट बंद करण्याआधी स्क्रू मोजा. एक कमी भरला तर लाईट लावू नका. कॅबिनेट दोन्ही हातांनी उचलून हळूच तिरपं करा आणि कान लावा. खुळखुळलं तर तो बोर्डाच्या खाली आहे.